बंद हाय गो

पिवळा दांडा आडवा म्हणजे गॅस बंद.
हे मला कळतं.
बघते. बोट लावून बघते.
मोठ्यानं म्हणते, "बंद",
म्हणजे नंतर निदान आवाज तरी आठवेल.

कुलूप तीनदा ओढून जिना उतरते.
दुसऱ्या मजल्यावर आवाज आठवतो,
पण तो आजचा की कालचा
हे काही केल्या सांगता येत नाही.
मी परत वर निघाले की
गेटवरचा रामसुरत हल्ली हसत नाही,
रजिस्टरात मान घालतो.
त्याचं हसणं बरं होतं.

मध्यंतरी फोटो काढायचे. निघताना एक, रोज.
एकदा फोन म्हणाला जागा संपली,
तर चारकोपच्या डेपोत बाकड्यावर बसून पुसत गेले:
आडवा दांडा, आडवा दांडा, आडवा दांडा,
मध्येच भाचीच्या बारशातली पेढ्यांची परात,
पुन्हा आडवा दांडा.
नऊशेच्या वर भरले.
एकातही उभा नव्हता.
तरी बसच्या पायरीवर पोटात खिळा उभा राहिलाच:
फोटो काढून वळताना पदर लागला असेल तर?
खात्री म्हणजे मे महिन्यातलं दूध,
सकाळी तापवलेलं, दुपारी फाटलेलं.

महापालिकेच्या दवाखान्यात गुरुवारी एक मुलगी बसते,
माझ्या निम्म्या वयाची, केसांत पेन खोचलेली.
म्हणाली, काय होईल असं वाटतं?
सगळं जळेल, म्हटलं.
सगळं म्हणजे काय काय?
मी मोजायला लागले: फ्रिज, त्याचे उरलेले चार हप्ते,
आईची पितळी, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर
जे मीच सहा महिने काढून टाकत नाहीये...
मोजता मोजता हसायलाच आलं.
तिनं तेही लिहून घेतलं.

मग शेजारच्या फिलूआंटीकडे किल्ली दिली,
हिरवी रिबीन बांधून.
बसमधून फोन करायचा: आंटी, जरा बघता का?
ती म्हणायची, थांब.
चपलांचा आवाज. थोडी शांतता.
"बंद हाय गो पोरी, बंद हाय. जा तू कामाला."
आणि मी जायची.
बोरिवलीच्या लॅबमध्ये दिवसभर खिडकीत बसून
चिकटवलेली पाकिटं लोकांच्या हातात द्यायची.
कुणी तिथंच फाडतं.
एक आजोबा पाकीट उन्हात धरून आरपार बघतात,
पुन्हा खिशात ठेवतात, आणि मला विचारतात,
"बरं असेल ना?"
मला त्यातलं काही कळत नाही.
असेल, म्हणते मी.

परवा कपाटाचा खण आवरताना सापडल्या
मार्चमध्ये बदललेल्या कुलपाच्या किल्ल्या,
तिन्ही, तारेत ओवलेल्या, दुकानदाराच्या पुडीत.
एक माझ्या पर्समध्ये.
चौथीच्या पुढे कुणाकडे काही नाही.
मी खणात हात घालून तशीच बसून राहिले.
मार्च, एप्रिल, मे, जून, जुलै.
फिलूआंटीची हिरव्या रिबिनीची किल्ली
पाच महिने कुठल्याच दाराची नव्हती.

राग आला. खोटं कशाला सांगू, चांगला आला.
तिच्या दारापर्यंत गेले.
आत ती भिंतीला धरून गुडघ्याला तेल लावत होती,
चपला खुर्चीच्या पायाशी,
फोन मांडीवर.
तिथून चपला नुसत्या आपटता येतात, चालायला लागत नाही.
काय गो, म्हणाली, बोंबील देऊ दोन?
मी बोंबील घेतले.

नवी किल्ली अजून दिलेली नाही.
पुडीतच आहे.

आज दुसऱ्या मजल्यावरून मागे फिरले,
गेटवरून नाही.
बसमध्ये हात फोनकडे गेला, जाऊ दिला.
आंटी, जरा बघता का?
थांब, म्हणाली.
चपलांचा आवाज. तिच्याच कुकरची शिट्टी, अगदी जवळ.
थोडी शांतता, नेहमीएवढी.
"बंद हाय गो."
बरं, म्हटलं मी,
आणि खिडकीकडे सरकून बसले,
शेजारच्या बाईला जागा करून.